उत्तरेच्या भिंतीतलं दार

मिलिंद, तुझं दार जहागीरदाराचं निघालं.

ही बातमी ऐकून ज्याला खरोखर काही वाटेल असा माणूस जगात एकच होता आणि तोच गेला, म्हणून तुलाच सांगते आहे. परवा हार्बरफ्रंटला ऑफिसात डबा उघडून बसले होते आणि जेनेटची मेल आली. तुझी जेनेट, स्कॉटलंडच्या त्या खेड्यातली निवृत्त मास्तरीणबाई, जिच्या हातचा दगडासारखा केक तू दर उन्हाळ्यात "वा, वा" करत खायचास आणि उरलेला माझ्यासाठी बांधून आणायचास. तिथलं चर्च विकलं गेल्याचं तू होतास तेव्हाच कळलं होतं. आता ज्या जोडप्याने ते राहायला घेतलंय, त्यांनी सांडपाण्याच्या पाइपासाठी उत्तरेच्या भिंतीला लागून चर खणला. माती निघत गेली तसं तुझं दार खाली खाली वाढत गेलं. पुरुषभर उंच झालं, मग त्याहूनही उंच. तळाशी रुंद पायऱ्या निघाल्या. आतून गिलावा खरवडला तर भिंतीच्या पोटातून वर सज्जाकडे जाणारा दगडी जिना, आणि जिन्याच्या तोंडाशी जहागीरदाराच्या घराण्याचं कोरीव चिन्ह. गावातल्या माणसांचा वारा लागू नये म्हणून साहेब आणि त्यांचं कुटुंब त्या दाराने थेट आपल्या सज्जात जाऊन बसत. पुढे कधीतरी आतून लाकडी जिना केला आणि हे दार बुजवून टाकलं.

म्हणजे ते दार ठेंगणं नव्हतंच. चर्चभोवती शतकानुशतकं माणसं पुरली गेली, जमीन वर चढत गेली आणि दाराचा वरचा भाग तेवढा उघड्यावर राहिला. तेवढ्यालाच तू दार समजलास. आयुष्यभर भिंतींचा चुना तपासणारा माणूस, आणि पायाखालची माती तपासायची राहिली. मला हसू आलं, मिलिंद. पोळीचा घास हातात तसाच राहिला आणि मी रडू येईपर्यंत हसले. मग नुसतीच रडले.

लग्न होऊन मी स्कॉटलंडला आले तेव्हा तुझी पीएच.डी. संपत आली होती. नव्या नवरीला लोक किल्ले दाखवतात, तळी दाखवतात. तू मला दोन बस बदलून एका टेकाडावरच्या चर्चच्या मागे नेलंस, वारा असा की कान तुटून पडतील, आणि एका बुजवलेल्या चौकटीसमोर उभं केलंस. "प्रज्ञा, इथे हात लाव. हा चुना वेगळा आहे." तुझ्या गाइडने तुला तिथे जुन्या बांधकामातल्या चुन्याचे नमुने आणायला पाठवलं होतं. नमुने घेऊन परत यायचं, एवढंच काम. पण भिंतीत ती कमरेएवढी चौकट होती, नंतरच्या काळातल्या चुन्याने बुजवलेली, आणि ती बघून तू तिथेच खिळलास. "आत जाताना वाकायला लागत असणार," तू म्हणालास. "वाकून पण भागत नसणार, गुडघ्यावर यायला लागत असणार. कोणाला आणत असतील असं?"

कोणाला, ते तू मनात ठरवूनच टाकलं होतंस. परभणीकडच्या तुमच्या गावात शाळा मारुतीच्या देवळात भरायची. आपल्या वस्तीतल्या मुलांनी देवळाच्या मागे, उन्हात बसायचं. मागच्या भिंतीत एक ठेंगणं दार होतं, त्यातून मास्तर त्यांच्या पाट्या आत घ्यायचे. हाताने नाही, काठीने ओढून. तुझे वडील, अप्पा, असे शिकले. तुला लहानपणी ते दार दाखवायला घेऊन गेले आणि तू गंमत म्हणून त्यातून रांगत आत गेलास, तेव्हा त्यांनी तुला झोडपलं. जन्मात एकदाच मारलं त्यांनी तुला. हे तू मला त्या थडग्यांमध्ये उभं राहून सांगितलंस, वाऱ्यात अर्धे शब्द उडून जात होते, आणि मला वाटलं, हा माणूस मला आपलं सगळ्यात आतलं काहीतरी दाखवतोय. त्या दिवशी मी तुझ्या प्रेमात पडले. लग्न आधीच झालं होतं, पण ते काय, दोन्हीकडच्या मावश्यांनी जमवलेलं.

त्या चर्चचा इतिहास तू मला इतक्यांदा ऐकवलास की मी झोपेतही म्हणून दाखवीन. आधी म्हणे तिथे एका साधूची झोपडी होती. मग दगडी बांधकाम झालं, मूर्ती आल्या, भिंती रंगवल्या. मग धर्म सुधारला आणि सुधारलेल्यांनी मूर्ती फोडून रंगांवर चुना फासला. "तो चुना मी या हातात घेतलाय." मग जहागीरदाराने आपल्यापुरता वर सज्जा काढला, सज्जामागे शेकोटीची खोली काढली, कारण प्रवचन लांबलं की साहेबांना थंडी वाजायची. खाली गावकरी, ज्याच्या त्याच्या घराण्याचा बाक ठरलेला. ज्यांना बाक नाही ते मागे उभे. बाहेरच्या भिंतीला साखळीने लोखंडी कडं अडकवलेलं, गुन्हेगाराच्या गळ्यात घालायला, म्हणजे रविवारी आत जाणारा प्रत्येकजण त्याच्याकडे बघतच जाणार. लग्नाआधी दिवस गेलेल्या बाईला सगळ्यांसमोर स्टुलावर बसवायचे, रविवारमागून रविवार. मग जमीनदारांना माणसांपेक्षा मेंढ्या परवडायला लागल्या आणि माणसं जहाजांत बसून गेली. उरलेल्यांची मुलं गिरण्यांत गेली, नातवंडं युद्धांत. शेवटी आत रिकामे बाक आणि जेनेटसारख्या चार म्हाताऱ्या.

हे सगळं तू पुढे नोकरीसाठी आपण इथे आल्यावर, घराजवळच्या सेरंगूनच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत बसून सांगायचास, समोरचे नूडल्स गार होऊ देत. एकदा टेबलावर कोणीतरी जागा धरायला टिश्यूचं पाकीट ठेवलं होतं. "बघ, हे टिश्यू ठेवतात, ते बाकावर नाव कोरायचे," असं म्हणून तू मुद्दाम त्याच खुर्चीवर बसलास. आणि पाकीटवाली बाई ट्रे घेऊन आली तसा "सॉरी आंटी, सॉरी" करत टुणकन उठलास. यशो तेव्हा लहान होती, ती पोट धरून हसली. मीही हसले. आता आठवलं की हसू येत नाही. तू नेहमी असाच उठायचास.

गावाने तुलाच चर्चचा इतिहास लिहायला सांगितला, कारण भिंत न् भिंत तुला पाठ होती. तू इथून दर उन्हाळ्यात रजा टाकून जायचास, जेनेटच्या स्वयंपाकघरात बसून लिहायचास. पुस्तिका झाली. त्यात 'उत्तरेचं दार' असं एक अख्खं प्रकरण तू घातलंस: ते दार गावातल्या सगळ्यात खालच्या माणसांचं होतं, त्यांना पुढच्या दाराने येऊ देत नसत. पुरावा काय, तर उंची. आणि दुसरा पुरावा तू लिहिला नाहीस, कारण तो परभणीला होता.

आपलं भांडण याच्यावरूनच. सकाळी सेरंगूनला आपण मेट्रोच्या एकाच गाडीत चढायचो, वन-नॉर्थ स्टेशन आलं की तू तुझ्या लॅबसाठी उतरायचास आणि मी पुढे हार्बरफ्रंटपर्यंत एकटी, मनातल्या मनात तुला उरलेलं सुनावत. मी म्हणायचे, त्यांच्या दगडांना तू तुझे उन्हाळे देतोस, आपल्या वस्तीचा इतिहास कोण लिहिणार? तू म्हणायचास, "आपला आपण लिहिला की लोक त्याला तक्रार म्हणतात. त्यांचा लिहिला की संशोधन." मी म्हणायचे, म्हणू देत. तू म्हणायचास, "तिथेही तसं दार असेल, तर हे फक्त आपल्याच कपाळी लिहिलेलं नाही ना? मग हे माणसांचं काम आहे. माणसांनी केलेलं माणसांना मोडता येतं." मी म्हणायचे, दुःखाला सोबत शोधत एवढ्या लांब कशाला जायचं? तेवढ्यात वन-नॉर्थ यायचं. माझी पिशवी माझ्या मांडीवर ठेवायचास, "संध्याकाळी बोलू," म्हणायचास. संध्याकाळी कधी बोललो का आपण? संध्याकाळी यशोचा अभ्यास, भाजी, आईंचा फोन.

मी आता गाडीत वन-नॉर्थला डोळे मिटून घेते. कोणीही उतरलं तरी राग येतो.

आणि खरं सांगू, मला ते दार कधीच खुपलं नाही. मला तुझं गप्प बसणं खुपायचं. घरात तू जे बोलायचास त्यातला एक शब्द दाराबाहेर पडला नाही. तुमच्या त्या काचेच्या इमारतीत कोणी आपल्याकडचा "सरनेम क्या है आपका?" म्हणाला की तू गाव सांगायचास. "परभणी साइड." आडनाव विचारलं, गाव सांगितलं, विचारणारा काय समजायचं ते समजला, आणि तुला वाटायचं आपण सुटलो. मी नागपूरची. आम्ही सांगून मोकळे होतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका बाईने मला विचारलं, तुमच्याकडे गौरी उभ्याच्या की खड्यांच्या? मी म्हटलं, आमच्याकडे बुद्धपौर्णिमा असते. तिचा चेहरा असा झाला की जणू मीच काही अभद्र बोलले. घरी येईपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. मग चप्पल काढता काढता, "कशाला वाढवतेस?" एवढंच.

काय वाढवत होते मी, मिलिंद? कोणाच्या अंगावर गेले होते?

तुला निरोप द्यायला आपल्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकमध्ये, त्या मोकळ्या तळमजल्यावर सगळे जमले. पांढरे पडदे लावले होते, पंखे लावले होते, तरी घामाच्या धारा. त्रिशरण झालं, पंचशील झालं. वन-नॉर्थची तुझी मंडळी मागे उभी होती, काय करायचं ते न कळून हात पुढे बांधून. मग मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. पुण्याचे, चांगले गृहस्थ, तू आजारी असताना दोनदा सूप घेऊन आले होते, म्हणून मला त्यांचा नीट रागही करता येत नाही. म्हणाले, "मिलिंदरावांचं मोठेपण हे, की त्यांना जात कधी दिसलीच नाही. इतक्या वर्षांत त्यांनी कधी विषयसुद्धा काढला नाही." लोकांनी माना डोलावल्या. ज्या माणसाला स्कॉटलंडच्या दगडी भिंतीतही जात दिसली, त्याला म्हणे दिसलीच नाही! मी तोंड उघडणार होते. समोर लॅपटॉपच्या स्क्रीनवर परभणीहून तुझ्या आई होत्या, त्यांनी अध्यक्षांना हात जोडलेले होते. मी गप्प बसले. अध्यक्षांची तरी काय चूक? तू दाखवलीच नाहीस तर दिसणार कशी?

त्या दिवशी मला तुझा इतका राग आला की डोळ्यातलं पाणी आटलं. लोकांना वाटलं, बाई फार खंबीर आहे.

आता जेनेटच्या मेलचं उरलेलं सांगते. चर्च गेलं तरी गाव पुस्तिकेची शेवटची आवृत्ती काढतंय, आणि त्यातून तुझं प्रकरण काढून टाकायचं म्हणतात. "त्याच्या नावाला कमीपणा येऊ नये म्हणून," असं तिने लिहिलंय, आणि मनापासून लिहिलंय, ती तशीच आहे. दार कधी बुजवलं तो काळ मात्र तू सांगितलास तोच निघाला, हे तिने दोनदा लिहिलं. चुन्यात तू चुकायचा नाहीसच. आपल्या फ्लॅटच्या कोपऱ्यात बादलीत चुना भिजवून ठेवायचास, मी ओरडायचे, आणि तू यशोचा हात धरून तिला तो बोटांनी ओळखायला शिकवायचास. कुठल्याही भिंतीशेजारून जाताना माझा हात आपोआप भिंतीवर जातो, ही खोड तुझी. ही मला आवडते. हे कधी बोलले नव्हते.

मेलच्या शेवटी जेनेटने एक प्रश्न विचारलाय. "आम्हाला एक कधीच कळलं नाही, त्याला ते दार गरिबांचंच असावं असं इतकं का वाटायचं?"

हे मी पुन्हा वाचलं. इतके उन्हाळे! तिच्या स्वयंपाकघरात बसून, तिचा केक चघळत, त्यांच्या कड्यांबद्दल आणि स्टुलांबद्दल बोललास, आणि अप्पांबद्दल एक अक्षर नाही? मला वाटायचं, इथे नाही बोलत कारण इथे आपलेच लोक आहेत, नजरा आहेत, उद्या परत भेटायचं आहे. तिथे कोण होतं? तिथे तुला कोण काय म्हणणार होतं? परदेशातल्या मेलेल्या माणसांचा इतकी वर्षं अभ्यास केलास आणि जिवंत म्हातारीला एवढं सांगता आलं नाही की माझा बाप काठीने ओढलेल्या पाटीवर शिकला. ते सगळं तिथल्या भिंतीने तुझ्या वतीने बोलावं, ही तुझी अपेक्षा. भिंत तिचंच बोलली.

चूकही कशी केलीस! त्या गावातल्या कोणालाही ही चूक करता आली नसती. त्यांच्याकडे वेगळं दार म्हटलं की मोठा माणूस आठवतो. आपल्याकडे वेगळं दार म्हटलं की ते खालच्यांचं. वरच्यांना वेगळं दार लागतंच कशाला, बाकी सगळी त्यांचीच असतात. तुझ्या डोक्यात दुसरा विचार शिरलाच नाही. आणि तुझं ऐकून माझ्याही नाही.

मी आधी चिडून एक उत्तर लिहिलं. काही काढायचं नाही, एक ओळही नाही, तुम्ही कोण ठरवणारे. यशोला वाचून दाखवलं. ती आता पंधरा पुरी होईल, तुझ्यासारखं कपाळ आक्रसून ऐकते. म्हणाली, "बट ममा, पप्पा वॉज राँग, राइट?"

"चुकला असेल. त्याची मेहनत नाही का?"

"देन टेल देम व्हाय ही गॉट इट राँग, ला. दे आस्किंग ओन्ली."

"तुला माहितीये का चुकला ते?"

ती खांदे उडवून म्हणाली, "अप्पाआजोबांची स्कूल. यू टोल्ड मी. पप्पा नेव्हर से."

पप्पा नेव्हर से. बघ, तुझी मुलगी काय म्हणते ते. तुझ्या लेकीलाही मीच सांगितलं होतं, तुझ्या अपरोक्ष, आणि तुला सांगू नकोस असं बजावून.

मग मी दुसरं उत्तर लिहिलं. प्रकरण काढू नका. जसं आहे तसं छापा आणि त्याखाली छापा की मिलिंद चुकला. आणि मग का चुकला ते लिहिलं. मारुतीचं देऊळ लिहिलं, मागचं ऊन लिहिलं, पाटी आणि काठी लिहिली, रांगत गेलेला तू आणि तुला मारणारे अप्पा लिहिले. लिहिताना सारखं वाटत होतं, तू मागे उभा राहून म्हणशील, कशाला वाढवतेस. इंग्रजीत सगळं एवढंसं झालं. चार-पाच ओळी. एवढ्या चार ओळी तुला जन्मभर जड झाल्या होत्या, याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. राग गेला असं समजू नकोस. रागाशेजारी वाईट वाटलं, इतकंच.

जेनेटचं उत्तर आज आलं. प्रकरण राहील म्हणते. "तो माझ्या टेबलाशी इतकी वर्षं बसला आणि मी त्याला त्याच्या गावाबद्दल कधी विचारलं नाही. हवामान तेवढं विचारलं." आणखी एक विचारते: तुझ्या गावाचं नाव आणि तुझ्या वडिलांचं नाव खाली छापलं तर चालेल का? त्याला चाललं असतं का?

तुला चाललं नसतं. मी तुला पुरती ओळखते. तू म्हणाला असतास, गावाचं नको, नुसतं 'भारतातील एक खेडं' लिहा. अप्पांचं तर नकोच, आईला काय वाटेल.

मी हो लिहून पाठवलं. गावाचं नाव दिलं, वस्तीचं दिलं, अप्पांचं आडनावासकट दिलं. आईंना मी फोन करून सांगितलं, त्या म्हणाल्या, "त्यांच्या नावाचं स्पेलिंग नीट घाल बाई." तुला मात्र विचारलं नाही. तू इतकी वर्षं गप्प बसलास, ते माझ्या वतीने बसलास, यशोच्या वतीने बसलास, अप्पांच्याही वतीने बसलास. आम्हाला कुठे विचारलं होतंस?